डोळ्यांच्या ओपीडीत जेवणाची चौकशी

डोळे दाखवायला आलेल्या काही पेशंटना मी चष्म्याचं सोडून आधी जेवणाचं विचारते. गेल्या दोन-तीन महिन्यांत काय खाल्लं, किती वेळा खाल्लं, उलट्या-जुलाब झाले का, पोटाचं ऑपरेशन झालंय का. पेशंट बुचकळ्यात पडतो. सोबत आलेली बायको मात्र पडत नाही. "जेवान कुठलं बाई," ती म्हणते, "सांजचं पिऊन येत्यात, दोन घास चिवडत्यात आन् तसंच झोपत्यात." माझं निम्मं निदान तिथंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं करायला पुढे अर्धा तास लागतो.

कोल्हापुरात नेत्रविभागात काम करायला लागून आता बरीच वर्षं झाली. रोजची गर्दी मोतीबिंदूची, काचबिंदूची आणि मधुमेहानं खराब झालेल्या पडद्यांची. डोळ्याच्या नसेचे पेशंट त्या मानानं थोडे, पण लक्षात राहतात तेच. कारण यातली बरीच माणसं माझ्यापर्यंत येईतो दोन-तीन चष्मे बदलून आलेली असतात. मोतीबिंदू नाही, पडदा चांगला, नस वरवर पाहता ठीक, मग डॉक्टर तरी काय करणार? नंबर थोडा इकडचा तिकडे करून देतात.

त्यांची तक्रार ऐकण्यासारखी असते. ट्रक चालवणारा एक जण सांगत होता, "रस्त्याच्या कडेची झाडं दिसत्यात, पण समोरच्या माणसाचं तोंड दिसत न्हाई." कुणाला शंभराची आणि पाचशेची नोट वेगळी ओळखता येत नाही. दोन्ही डोळ्यांचं सारखंच, हळूहळू आलेलं, दुखणं काही नाही. अशा वेळी माझं आवडतं उपकरण म्हणजे बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण. ते नजरेच्या बरोबर मध्ये धरलं की पेशंट म्हणतो तपकिरी, नाहीतर मळकं. तेच कडेला सरकवलं की म्हणतो, "आता लाल दिसतंय." महागडं यंत्र नंतर हेच कागदावर काढून देतं: नजरेच्या मध्यापासून नसेच्या आंधळ्या ठिपक्यापर्यंत पसरलेला डाग. लाल-हिरव्या ठिपक्यांच्या तक्त्यात पहिला आकडा तेवढा वाचता येतो, पुढचे सगळे चुकतात.

मधली नजरच का जाते, कडेची का नाही? पडद्याच्या मध्यबिंदूकडून नसेकडे येणारे धागे सगळ्यात बारीक असतात. डोळ्याच्या आत त्यांच्यावर चरबीचं वेष्टन नसतं, ते डोळ्याच्या मागे गेल्यावर चढतं. त्यामुळे या धाग्यांना संदेश पुढे न्यायला ऊर्जा जास्त लागते आणि साठवणीला जागा नसते. पेशीतली ऊर्जा बनायची जागा अडली की तोंड सगळ्यात आधी यांचं कोमेजतं.

थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नेमकं तिथंच लागतं. साखर पेशीत शिरून तिचं पायरुव्हेट होतं. ते पुढच्या भट्टीत घालणारं एन्झाइम थायमिनशिवाय हलत नाही, आणि भट्टीच्या आतलं आणखी एक एन्झाइमही त्याच्यावरच अवलंबून. आमच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला मी सांगते की उसाच्या गाड्या कारखान्याच्या दारात येऊन उभ्या आहेत, पण गाळप बंद आहे. वर आपण आणखी ऊस पाठवतोय. दारात जे कुजतं ते लॅक्टिक आम्ल. शरीरात थायमिनचा साठा सगळा मिळून ३० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या माणसाला रोज लागतं साधारण सव्वा मिलिग्रॅम. चरबी महिनोन् महिने पुरते, लोह पुरतं, ब-१२ तर वर्षानुवर्षं पुरतं. ब-१ दोन-तीन आठवड्यांत तळाला जातं. हा हिशेब ज्याच्या डोक्यात बसला, तो पेशंटला "किती दिवस जेवला नाहीस?" असं विचारल्याशिवाय राहत नाही.

आता ज्या बाईमुळे ही सवय मला कायमची लागली, तिच्याबद्दल.

राधानगरीकडची, विशीतली, चौथा महिना. स्त्रीरोग विभागातून चिठ्ठी आली होती: दोन दोन दिसतं, डोळे तपासावेत. स्ट्रेचरवर पडूनच आली. एका डोळ्यावर पदर धरलेला, कारण दोन्ही डोळे उघडले की माणसं दुप्पट व्हायची आणि पुन्हा मळमळायचं. आई शेजारी उभी. "महिना झाला, पोटात पाणी सुदिक ठरंना," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "बाई, लेक खुळ्यागत बोलाय लागल्या. गावात म्हणत्यात भाईरचं काय तरी हाय."

मी बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. दोन्ही डोळे बाहेरच्या बाजूला पुरते जाईनात, आणि जिथपर्यंत जात होते तिथं थरथरत होते. आत पाहिलं तर नसेच्या कडा धूसर, शेजारी रक्ताचे दोन-चार बारीक ठिपके. तिला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? ती म्हणाली, "पोळी-भाजी." आईनं कपाळावर हात मारला. फाइल उघडली. आधीच्या दवाखान्यात सलाईन चालूच होती, बाटलीमागून बाटली, साखर घातलेली. त्यांच्या दृष्टीनं बाईत पाणी कमी होतं, ताकद नव्हती, आणि दोन्ही खरंच होतं. फक्त त्या बाटल्यांत ब-१ नव्हतं.

गरोदरपण, अंगातलं पाणी आटलेलं आणि नसेला सूज, म्हटल्यावर मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची शंका यायलाच हवी. आमच्या फिजिशियन सरांनाही तीच आली, आणि एमआरआयचा नंबर होता दुसऱ्या दिवशी सकाळचा. वाट पाहायची नाही यावर आमचं एकमत व्हायला मात्र दोन मिनिटंही लागली नाहीत. संध्याकाळी शिरेतून थायमिन सुरू झालं, सोबत मॅग्नेशियम, कारण ते कमी असेल तर थायमिन असूनही ते एन्झाइम चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले तेव्हा डोळे बाहेरच्या बाजूला सरकत होते. थरथर होती, पण दोन दोन दिसणं कमी झालं होतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मधल्या पोकळीभोवती दोन्ही बाजूंना सारखे पांढरे डाग आले, शिरा स्वच्छ निघाल्या. चाल सुधारायला कित्येक आठवडे गेले. बाळंतपण पुढं नीट झालं. पण सकाळी कोण येऊन गेलं हे दुपारी आठवायचं नाही, आणि ते पुष्कळ दिवस तसंच राहिलं. डोळे जितक्या लवकर बरे होतात तितक्या लवकर आठवण होत नाही. ती काही वेळा थोडी कायमचीच जाते.

या आजाराला वेर्निके यांचं नाव आहे. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ साली तीन पेशंटचं वर्णन केलं. त्यातले दोघे दारू पिणारे पुरुष, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. तिसरी एक तरुण शिवणकाम करणारी मुलगी होती, हे मात्र लोक विसरतात. ती दारू पीत नव्हती. तिनं सल्फ्युरिक आम्ल प्यायलं होतं, जठराचं तोंड आकसलं, आणि पुढे आठवडेच्या आठवडे उलट्या. वेर्निके यांनी तिच्या डोळ्यात आत पाहून नसेची सूज आणि रक्तस्राव नोंदवला होता. म्हणजे आमच्या राधानगरीच्या बाईला जे झालं, ते पहिल्याच वर्णनात लिहून ठेवलेलं. तेव्हा थायमिन माहीत नव्हतं. पण आजही हा आजार म्हटला की डोळ्यापुढे बाटली उभी राहते, आणि उलट्या करणारी बाई, पोटाचा कर्करोग झालेला माणूस किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन झालेली मुलगी यांच्याकडे लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुस्तकात तीन खुणा शिकवतात: डोळे अडकणं, चालताना झोकांड्या, मन भरकटणं. परीक्षेला तिन्ही लिहाव्या लागतात, पेशंट मात्र तिन्ही घेऊन येतोच असं नाही. ऑस्ट्रेलियात हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली शवविच्छेदनात हा आजार सापडलेल्या १३१ जणांचे जुने कागद तपासले. तिन्ही खुणा लिहिलेल्या होत्या फक्त १६ टक्क्यांत. बहुतेकांचं निदान जिवंतपणी झालंच नव्हतं. म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते की तिसऱ्या खुणेची वाट बघत बसू नका. रक्तातल्या थायमिनची तपासणी आमच्याकडून बाहेरगावी जाते, रिपोर्ट येईतो बाईचं जे व्हायचं ते होऊन जातं.

डोसाबद्दलही एक जुनी कंजूषी आहे. कित्येक ठिकाणी अजून १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा देऊन काम झालं समजतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २००२ सालीच या आजाराची शंका असताना ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, शिरेतून, हळूहळू द्यायला सांगितलं. गोळीवर भरवसा ठेवायचा नाही, कारण दारू पिणाऱ्याच्या आतड्यातून ती नीट आत जात नाही आणि उलट्या करणारीच्या पोटात टिकत नाही. इंजेक्शन स्वस्त आहे. रिॲक्शन येऊ शकते, पण फार क्वचित. एवढ्या कमी धोक्याचं आणि एवढ्या मोठ्या फायद्याचं औषध माझ्या माहितीत दुसरं नाही.

आणि तरीही ते वेळेवर पोचत नाही. आपल्याकडे लाल इंजेक्शनची केवढी आवड! कंबर दुखली, हातापायाला मुंग्या आल्या, परीक्षा जवळ आली, मारा लाल सुई. त्यात पुष्कळदा ब-१ असतं. पिवळी सलाईन लावून घेतल्याशिवाय काही लोकांना दवाखान्यात आल्यासारखं वाटत नाही. ज्यांच्या ताटात रोज भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी आहे त्यांना हे ब-१ भरभरून मिळतं आणि दुसऱ्या दिवशी लघवीतून निघून जातं. ज्याच्या पोटात महिनाभर अन्न नाही त्याला साखरेचं पाणी. ही उलटी वाटणी मला अजून सहन होत नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. साखर विष आहे असं मी म्हणत नाही. पेशंटच्या रक्तातली साखर धोकादायक उतरली असेल तर ती आधी द्यायचीच, थायमिन शोधत बसायचं नाही. पण उपाशी माणसाला दिवसेंदिवस साखरेची सलाईन आणि ब-१ काहीच नाही, हे टाळता येतं.

तुरुंगात आणि छावणीत हे सगळं फार स्पष्ट दिसलं. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि हजारो ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिक चांगीच्या छावणीत गेले. जेवण मुख्यतः पॉलिशचा पांढरा तांदूळ. काही आठवड्यांतच माणसं भरकटायला लागली, डोळे थरथरायला लागले. दारूचा तर थेंबही नव्हता. कैदी डॉक्टर ह्यू द वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स यांनी ५२ जणांच्या नोंदी ठेवल्या, जपान्यांपासून लपवल्या आणि युद्धानंतर १९४७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापल्या. जवळ जे थोडं थायमिन होतं ते टोचल्यावर माणूस सुधारतो हे त्यांनी तिथंच पाहिलं. पूर्वेकडच्या या छावण्यांतून परतलेल्या अनेकांची मधली नजर मात्र कायमची मंद राहिली.

नसेच्या बाबतीत मला दुसरी आठवण क्यूबाची. सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाचं तेल आणि धान्य आटलं. लोक साखरेवर दिवस काढू लागले, बस नाहीत म्हणून मैलोन् मैल चालू आणि सायकली मारू लागले, सिगार चालूच. १९९१ ते १९९३ या काळात ५०,००० हून जास्त लोकांना नसांचा आजार झाला, त्यातल्या निम्म्याहून अधिकांची दृष्टी गेली ती अशीच, मधली, लाल रंग पुसून टाकणारी. १९९३ साली सरकारनं घरोघर ब जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. एकट्या थायमिनला याचं श्रेय देता येणार नाही. फोलेट होतं, ब-१२ होतं, तंबाखू होती. माझ्या ट्रकवाल्याच्या बाबतीतही तसंच. दारू, गायछाप तंबाखू, रिकामं पोट, यातलं नेमकं कोणी किती खाल्लं हे मला सांगता येत नाही. आम्ही ब-१ देतो, ब-१२ देतो, फोलेट देतो, दारू-तंबाखू सोडायला लावतो आणि वाट बघतो. डोळ्यांची हालचाल तासा-दिवसांत सुधारते, नसेचं तसं नाही. चार-सहा महिने लागतात, आणि नस एकदा पांढरी पडली की फार थोडं परत येतं. तो ट्रकवाला नोटा ओळखू लागला, ट्रक मात्र पुन्हा चालवू शकला नाही.

म्हणूनच थायमिनवर सगळा भार टाकणाऱ्यांचाही मला राग येतो. काचबिंदू झालाय, नस सुकलीय, तर ब-१ च्या गोळ्या घ्या असा सल्ला घेऊन लोक येतात. त्याला भक्कम आधार नाही, आणि काचबिंदूचे थेंब बंद करून गोळ्या घेतल्या तर नजर जाते. टीबीच्या पेशंटचं आणखी वेगळं. इथॅम्ब्युटॉल नावाच्या गोळीनं अगदी हीच मधली नजर, हाच लाल रंग जातो. अशा माणसाला जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देत महिना घालवणं म्हणजे त्याची नजर घालवणं. तिथं टीबीच्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी बदलावी लागते. आणि दारूतही फरक आहे. मुंबईच्या मालवणी भागात २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलनं. त्या विषारी दारूत दृष्टी तासांत, एखाद्या दिवसात जाते, पोटात दुखतं, दम लागतो. फॉर्मिक आम्ल नस जाळतं. तिथं हवं फोमेपिझोल किंवा इथेनॉल, डायलिसिस, आणि ताबडतोब मोठा दवाखाना. ब-१ नं त्यात फार काही होत नाही. ज्याची नजर महिनाभरात गेली आणि ज्याची रात्रीत गेली, ते दोघेही दारू पिणारेच असतील, पण आजार वेगळे.

ब-१ कमी पडून होणारी बेरीबेरी आपल्याकडे दिसत नाही, म्हणून डॉक्टर थायमिन विसरतात, असं मला वाटतं. ती दिसत नाही याचं बरंचसं श्रेय ताटाला आहे. घाटावर ज्वारीची भाकरी, वर शेंगदाणे आणि डाळ. घाटाखाली उकडा तांदूळ. साळ भिजवून वाफवली की सालीखालचं ब-१ दाण्याच्या आत शिरतं, मग सडली, गिरणीत घातली तरी बरंच टिकतं. आणि सिंधुदुर्गात त्याची पेज होते, पाणी फेकून देत नाहीत. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतले ॲक्रॉइड आणि त्यांचे सहकारी १९३० च्या दशकात हेच सांगत होते: आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कच्चा, गिरणीत सडलेला तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी, तमिळ भागात उकडा खाणाऱ्यांत नाही. थायमिन १९३६ साली प्रयोगशाळेत बनवणारे रॉबर्ट विल्यम्स याच देशात, आंध्रच्याच किनाऱ्यावर नेल्लोरला जन्मले होते. काश्मीरमध्ये, जिथं पांढरा तांदूळ धुऊन धुऊन शिजवतात, तिथं आजही अंगावर पिणाऱ्या बाळांना ब-१ कमी पडल्याचं श्रीनगरच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. आणि पैसेवाल्या देशांतही हे होतं. इस्राएलमध्ये २००३ साली सोयाच्या एका बाळदुधात थायमिन घालायचंच राहून गेलं, आणि बाळांचे डोळे फिरेनासे झाले, काही बाळं दगावली.

आमच्याकडे नव्यानं येणारे पेशंट कोण, तर वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर महिनाभर उलट्या करणारे, किमोथेरपीत जेवण तुटलेले, लांबलेल्या उपासात पाण्यावर राहिलेले. यातलं कुणीच दारू पीत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे पाहताना कुणाला ब-१ आठवत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मित्रांना म्हणूनच एक विनंती: सलाईनच्या बाटल्यांच्या कपाटात, त्याच फळीवर, थायमिनची इंजेक्शनं ठेवा. लाल मिश्रण नको, नुसतं थायमिन.

आणि वाचणाऱ्याला. घरात कुणाच्या पोटात दोन आठवडे अन्न ठरत नसेल, कारण काहीही असो, तर डॉक्टरांना किती दिवस जेवण नाही ते न विचारताच सांगा. त्यात दोन दोन दिसायला लागलं, डोळे थरथरले, तोल जाऊ लागला किंवा माणूस भलतंच बोलू लागला, तर अंगारा-धुपारा नको, उद्याची वाट नको, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. सलाईन लावताना "यात ब-१ दिलंय का?" एवढं विचारा. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.